तीनच्या शिफ्टची टीटी

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं एक बेट आहे. तिथे १९०७ पासून मोटारसायकलींची एक शर्यत भरते. टीटी म्हणतात तिला. वेगळा ट्रॅक वगैरे काही नाही. एरवी दूधवाला आणि पोस्टमन ज्या रस्त्याने जातात तोच रस्ता बंद करायचा आणि गाड्या सोडायच्या. एक फेरी साठ किलोमीटरची. सोलापूरजवळच्या चिंचोळी फाट्यावरून मोहोळमार्गे पंढरपूर गाठायचं तर जवळपास तेवढंच. पीटर हिकमन नावाच्या गृहस्थांनी २०२३ मध्ये ही फेरी १६ मिनिटं ३६ सेकंदांत पुरी केली. सरासरी वेग ताशी २१९ किलोमीटर. वाटेत दगडी कुंपणं, लोकांच्या घरांच्या भिंती आणि दोनशेहून अधिक वळणं. आजवर अडीचशेहून जास्त स्वारांनी त्या रस्त्यावर जीव गमावला आहे, तरी दरवर्षी मेअखेरीला नवे हौशी लोक नाव नोंदवायला हजर.

ती शर्यत वर्षातून एकदा. चिंचोळी एमआयडीसीत ती शिफ्ट सुटताना, दिवसातून तीनदा होते: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. प्रवेश फी नाही आणि नावनोंदणी थंब मशीनवर आपोआप होते.

टीटीत स्वारांना दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सोडतात. आमच्याकडे तेवढा दम कुणाला आहे? गेट उघडलं की सगळे एकदम. त्यामुळे शर्यतीची खरी तयारी सकाळीच करून ठेवावी लागते. पहिल्या शिफ्टला येणारा अनुभवी माणूस गाडी कधीच भिंतीकडे तोंड करून लावत नाही. सात वाजायला दोन मिनिटं उरलेली असोत, थंब हुकून अर्धा दिवस कापला जायची वेळ येवो, तो गाडी साइड स्टँडवर तोलून जागच्या जागी गर्रकन फिरवणार, तिचं तोंड गेटकडे करणार आणि मगच पळणार. सावलीची जागा आवारात एकच, लिंबाच्या झाडाखालची. ती नेमकी गेटपासून लांब. माणसाचा स्वभाव इथे कळतो. सावलीत लावणारा निवृत्तीला आलेला असतो किंवा त्याचं घरी पटत नसतं. उन्हात, गेटला चिकटून लावणारा तीन वाजता तापलेल्या सीटवर बसताना आईची आठवण काढतो, पण पहिल्या दहात असतो.

पावणेतीनला खात्यातलं वातावरण बदलतं. मशीन चालूच असतात, पण माणसं हात धुवायला लागलेली असतात. कॉटन वेस्टने बोटं पुसून, साबणाच्या चुऱ्याने ग्रीस काढून, केसांवरून ओला हात फिरवून मंडळी घोळक्याने दाराशी येतात. सगळ्यांच्या हातात रिकामा डबा. त्या डब्यात चमचा खुळखुळतो. एवढ्या चमच्यांचा एकत्र आवाज यायला लागला की सिक्युरिटीवाला खुर्चीतून न सांगता उठतो. सोलापूर एके काळी गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारं गाव होतं. सोलापूर स्पिनिंगची जुनी गिरणी १८७७ ची. तिच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळं लावली जायची, असं जुनी माणसं सांगतात. आता भोंग्याचं काम चमचा करतो.

पहिल्या शंभर मीटरला एक्सएल मोपेड पुढे असते. ज्यांना आश्चर्य वाटलं त्यांनी एक्सएल चालवलेली नाही. तिला गिअर नाहीत, त्यामुळे पहिला टाक, दुसरा टाक हा वेळखाऊपणा नाही. कान पिळला की निघाली. मागे सहकारी, पुढे पायाशी डबे, हँडलला भाजीची पिशवी, असा सगळा सरंजाम घेऊन ती सुटते. तेवढ्यात स्प्लेंडर येतात, थव्याने येतात. १९९४ साली बाजारात आलेल्या या गाडीच्या जिवावर भारतातला निम्मा औद्योगिक विकास झाला असावा असं माझं मत आहे. अर्थशास्त्रज्ञांनी ते तपासून पाहावं. स्प्लेंडरच्या मागून कर्कश आवाज करत येतात ते पल्सर आणि ड्यूकवाले अप्रेंटिस. गाडीचा हप्ता स्टायपेंडपेक्षा मोठा. यांना वाटेत कोण आडवं येतं याची चिंता नसते, कारण चिंता करायचं काम त्यांनी वडिलांकडे सोपवलेलं असतं.

सिग्नलची पद्धत सुटसुटीत आहे. ज्या बाजूला पाय बाहेर निघेल त्याच्या विरुद्ध बाजूलाही गाडी वळू शकते. मागे बसलेल्याने हात दाखवला तर तो वळायला सांगतोय, की कुणाला ओळख देतोय, की तंबाखू झटकतोय, हे जवळ गेल्यावरच समजतं. दुभाजकाची फट लांब पडते म्हणून काही मंडळी उलट दिशेने येतात आणि समोरून नियमाने येणाऱ्याकडे असं बघतात की नियमवाल्यालाच ओशाळवाणं व्हावं. या सगळ्यात पाकणीच्या तेल डेपोचे टँकर, उसाचे ट्रॅक्टर आणि पुण्याहून आलेली, सोलापूर जवळ आलं म्हणून हुशारलेली एसटी. आयल ऑफ मॅनच्या स्वारांना निदान एवढी खात्री असते की समोरून काही येणार नाही.

आणि एवढ्या ईर्ष्येने सुरू झालेली ही शर्यत संपते कुठे? गेटपासून अर्ध्या किलोमीटरवर, चहाच्या टपरीवर. पहिला आलेला तिथे थांबतो, मग दुसरा, मग तिसरा. जिवावर उदार होऊन ज्याला मागे टाकलं त्याच्याचबरोबर कटिंग घ्यायचा.

आता याच रस्त्यावरचा रविवार पाहा. सोलापूर-पुणे महामार्ग, हल्लीचा क्रमांक ६५, लोकांच्या तोंडी अजून नऊ. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, इथे मुक्तद्वार, वर टोलही नाही. त्यामुळे सोलापुरातल्या यच्चयावत रायडर मंडळींचा हा हक्काचा रस्ता. इथे गाडी चालवणारा आणि रायडर यांतला फरक सांगायला हवा. जो पोचण्यासाठी चालवतो तो गाडी चालवणारा. जो नाष्ट्यासाठी चालवतो तो रायडर.

ग्रुपवर आदल्या रात्री निरोप फिरतो: पहाटे साडेपाच, पुणे नाका, शार्प. साडेपाचला तिथे एकटा निरोप पाठवणाराच असतो. सव्वासहापर्यंत बाकीचे जमतात. मग ब्रीफिंग. पुढे कोण राहणार त्याला लीड म्हणायचं, शेवटी राहील तो स्वीप. खड्डा दिसला की पाय दाखवायचा, वेग कमी करायचा तर हात खाली. रांगेत एक डावीकडे, एक उजवीकडे असं चालायचं. शिस्त अगदी फौजेची. अंगावर दहा हजारांचं जॅकेट, त्यात खांद्याला, कोपराला, पाठीला पॅड. गुडघ्याला कवच, पायांत घोट्यापर्यंत बूट, हातांत गाठींवर कडक प्लास्टिक बसवलेले ग्लव्ह्ज, हेल्मेटमध्ये ब्लूटूथ, हेल्मेटवर कॅमेरा. गाडीला दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या. एवढ्या तयारीने पथक निघतं ते लांबोटीला. अंतर पंचवीस किलोमीटर.

लांबोटीचा मक्याचा चिवडा प्रसिद्ध आहे आणि तो प्रसिद्धीला साजेसा आहे, याबद्दल वाद नाही. पण पेट्यांचा उलगडा मला लांबोटीलाच झाला. जाताना त्या रिकाम्या असतात, येताना त्यांत चिवड्याचे पुडे असतात. शेजाऱ्यांनी, सासूबाईंनी, वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलेले. रायडरला मोहिमेवर जायची परवानगी बहुतेक घरांत याच अटीवर मिळते. अशाच एका पथकाला केगावच्या पुढे पंपावर एका एक्सएलवाल्याने हटकलं होतं.

"कुठं निघालाव बे एवढं बांधून?"

"नाष्ट्याला जाऊलालाव, लांबोटीला."

त्याने जॅकेट, गुडघे, बूट सगळं सावकाश न्याहाळलं आणि मनापासून काळजीने विचारलं, "काय, तिथं मारतेत का?"

तरी सकाळ असते तोवर ठीक. परतीला दहा वाजतात, आणि सोलापूरचे मे महिन्यातले दहा म्हणजे इतर ठिकाणची दुपार. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसकडे निघालेला. जॅकेट परदेशी थंडीच्या हिशोबाने शिवलेलं. चिंचोळीपर्यंत येईस्तोवर शिस्तीची रांग मोडते, लीड मागे पडतो, स्वीप पुढे जातो, आणि कवचं एकेक करून पेट्यांत, चिवड्यावर जातात. त्याच वेळी शेजारून एखादा स्प्लेंडरवाला तोंडाला टॉवेल गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून, निवांत निघून जातो. त्याचा टॉवेल सोलापुरी टेरी टॉवेल आहे. त्याला भौगोलिक मानांकन आहे. रायडरच्या हेल्मेटखालच्या बालाक्लाव्हाला काय आहे?

सोलापूरच्या रायडरची खरी अडचण मात्र उन्हाची नाही, भूगोलाची आहे. मोटारसायकलची गंमत वळणात. गाडी कलवायची, गुडघा बाहेर काढायचा, टायरच्या कडेवर आणायची. ज्याच्या टायरच्या कडा झिजलेल्या तो शूर. कडा कोऱ्या राहिल्या तर जगभरचे बाइकवाले त्या कोऱ्या पट्टीला कोंबडीचं नाव देऊन हसतात. आता सोलापुरात शौर्य दाखवायचं कुठे? बाळ्यापासून मोहोळपर्यंत रस्ता सरळ, मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत सरळ. इथला टायर मधोमध गुळगुळीत होतो आणि दोन्ही कडांचे रबरी केस कारखान्यातून आले तसे शाबूत. बिचारा जिवावर उदार व्हायला तयार आहे, पण वळणच नाही. म्हणून मग तुळजापूरचा घाट. घाट म्हणायचं ते आपल्या जिल्ह्याच्या हिशोबाने. सह्याद्रीतला माणूस त्याला चढ म्हणेल. तिथे हे लोक जाऊन कडा झिजवून येतात, आणि घरी सांगतात देवीला गेलो होतो. दोन्ही खरं असतं.

काही तरुण वळणाची हौस चिंचोळीतच भागवतात. रविवारी एमआयडीसीचे आतले रस्ते मोकळे. एका बाजूला नवरा बायकोला स्कूटी शिकवत असतो आणि दर दोन मिनिटांनी संसार मोडायला येतो, दुसऱ्या बाजूला पोरं पुढचं चाक उचलून फोनकडे बघत हसतात. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला बंदी आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शर्यतीची एवढीच खुमखुमी असेल तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोईम्बतूरला आहे, ग्रेटर नोएडाला २०११ पासून आहे. २०२३ च्या सप्टेंबरात तिथे मोटोजीपीसुद्धा झाली. हे सगळं पोरांना सांगून पाहिलं. ती म्हणाली, तिथं जायला पेट्रोल कोण घालणार.

चिंचोळीच्या लोकांचं गाडीकडे बघणं मात्र इतर गावांपेक्षा निराळं आहे. रायडरने सहा-सातशे सीसीची चकचकीत गाडी टपरीवर लावली की दुसरीकडे लोक विचारतात, एव्हरेज किती, किंमत किती. इथे फाउंड्रीतला माणूस ग्लास ठेवतो, उकिडवा बसतो, इंजिनाच्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवतो आणि सांगतो, "कास्टिंग बरंय. फेटलिंग घाईत केलंय." टूलरूमवाला चेन बोटाने वर-खाली करून मान हलवतो. पेंटशॉपवाला टाकीकडे तिरक्या नजरेने, उजेडाच्या रेषेत बघतो आणि काहीच बोलत नाही. ते सगळ्यांत लागतं. रायडरने गाडी शोरूममधून आणताना जेवढ्या तपासण्या झाल्या नसतील तेवढ्या एका कटिंगमध्ये होतात.

होणारच. जगभरच्या मोटारींचे कॅमशाफ्ट ज्या गावात बनतात तिथले हे लोक. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली सुरू झालेली सोलापूरचीच कंपनी, अक्कलकोट रोडला आणि चिंचोळीतही तिचे कारखाने आहेत. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर फिरणारा दांडा. त्याला ठरावीक जागी फुगवटे असतात. फुगवटा खाली आला की झडप उघडते, सरकला की मिटते. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक. फुगवट्याचा आकार किंचित जरी चुकला तरी झडप अवेळी उघडणार आणि गाडी खोकणार. म्हणून त्याची मापं मायक्रॉनमध्ये घ्यायची. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन.

कॅमशाफ्ट तपासण्यातच उभी हयात घालवलेले एक ओळखीचे गृहस्थ आहेत. डोळ्यांवर चश्मा, खिशात दोन पेनं, बोलणंही मोजून. पाच मायक्रॉन जास्त निघाले तर आख्खी बॅच बाजूला काढतील आणि मॅनेजर ओरडला तर त्याच्याकडेही गेजवाल्या नजरेने बघतील. त्यांची स्वतःची गाडी यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ एवढाच काळ ती भारतात बनली. पुढे प्रदूषणाच्या नियमांनी अशा टू-स्ट्रोक मोटारसायकलींचं युगच संपवलं, आणि तिच्या चाहत्यांनी ते अजून मान्य केलेलं नाही. गृहस्थांची ती जीव की प्राण. रविवारी स्वतः पुसणार, कार्ब्युरेटर स्वतः उघडणार, चावी मुलालासुद्धा देणार नाहीत. आणि टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे आरएक्स १०० ला कॅमशाफ्ट नसतो. दांड्याने उघडायच्या झडपाच नाहीत तर तो फिरवायचा कशाला?

हे ध्यानात आल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, साहेब, हयात कॅमशाफ्टमध्ये गेली आणि गाडी निवडली ती बिनकॅमशाफ्टची, हे कसं? त्यांनी चश्मा वर केला. "दिवसभर तेच बघतो हो. घरी तरी नको."

हेच गृहस्थ रविवारी लांबोटीच्या पथकात असतात. पन्नाशीतही स्वीप म्हणून मागे राहतात, कारण टू-स्ट्रोकच्या धुरामुळे त्यांच्या मागे राहायला कुणी तयार नसतं. सोमवार ते शनिवार ज्या रस्त्याला, त्याच्या खड्ड्यांना, टँकरला आणि बांधकाम खात्याला ते शिव्या घालतात, त्याच रस्त्यावर रविवारी पहाटे उठून, पदरचं पेट्रोल घालून जातात आणि आल्यावर बायकोला सांगतात, मन कसं मोकळं झालं. रस्ता तोच, माणूस तोच. पलीकडे पंच करायचं मशीन नाही, एवढाच काय तो फरक.

त्या पथकात सगळ्यांचं एकच स्वप्न असतं: लडाख. खारदुंग ला. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं अठरा हजार तीनशे ऐंशी फूट उंची लिहिलेली होती. प्रत्यक्षात ती साडेसतरा हजारांच्या आसपास. पण पाटीसोबत फोटो काढलेल्या माणसाला हे सांगू नये. लडाखची तयारी चिंचोळीत वर्षभर चालते. मुख्य चढ रजेच्या अर्जाचा. 'लडाख' असं कारण लिहिलं तर साहेब चार दिवस देतो, 'घरगुती कारण' लिहिलं तर आठ, आणि काही जणांनी बारा दिवस मिळवण्यासाठी जे कारण लिहिलं त्यामुळे त्यांच्या आजीला परत गावी पाठवावं लागलं.

आता थोडं गणित. शहरातून चिंचोळीला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरा, वर्षाचे कामाचे दिवस तीनशे. झाले बारा हजार. काश्मीर ते कन्याकुमारी साधारण पावणेचार हजार किलोमीटर, म्हणजे स्प्लेंडरवाला दरवर्षी देश तीनदा पार करतो. ना प्रमाणपत्र, ना पाटी, ना पेट्या. सगळं सामान एका हुकवर. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगाच्या सफरीला निघाल्या तेव्हा गेटवे ऑफ इंडियापासून त्यांना निरोप मिळाला, वर्तमानपत्रांत फोटो आले. ते कौतुक रास्तच होतं. पण चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यांतही साडीवर स्कूटीने येणाऱ्या बायका आहेत. पदर खोचलेला, तोंडाला टॉवेल, मागे जाऊबाई, पुढे डबे, आणि समोरून राँग साइडने येणारा ट्रॅक्टर. त्यांच्या फोटोची कुणी सोय केलेली नाही, आणि फोटोसाठी त्या थांबणारही नाहीत. पावणेसात झालेले असतात.

म्हणून कुणी मला विचारलं की यांत खरा मोटारसायकलवाला कोण, तर माझं मत आरएक्स १०० वाल्या गृहस्थांना. ते दोन्हीकडून खेळतात.

बाकी पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या, कॅमेरे लावलेल्या समस्त रायडर बंधू-भगिनींना एक विनंती. सावळेश्वरचा टोल नाका मागे पडला आणि घड्याळात तीन वाजायला आले असतील तर कान सोडा, वेग चाळीसवर आणा आणि डावीकडे लक्ष ठेवा. एक्सएल इंडिकेटर न देता वळेल. आणि टपरीवर थांबलात तर गाडी फाउंड्रीवाल्यांपासून जरा लांब लावा.